सरस रात्रभर भिजू द्यावा

वाचकांचे प्रश्न : कलाशिक्षण आणि परदेश

जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे उन्हाळ्यातल्या टपालात तिथली पत्रं नेहमीच जास्त असतात. मी २००९ ते २०१३ अशी चार वर्षं क्योटोत निहोंगा शिकले. निहोंगा म्हणजे दगडांची पूड आणि सरस वापरून केलेली जपानी पद्धतीची चित्रकला. म्हणून संपादक ही पत्रं माझ्याकडे पाठवतात. या वेळी चार घेतली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण ते लिहिणारी मुलगी आत्ता तिथे एकटी आहे.

पत्र पहिलं

ताई, नमस्कार. मी मूळची जळगावची. बी.एफ.ए. झाल्यावर जपान सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात क्योटोला आले. निहोंगा विभागात संशोधक विद्यार्थिनी आहे. आज एकविसावा दिवस. स्टुडिओत आम्ही सात जण बसतो, पण कोणी बोलत नाही. सरांनी पहिल्या दिवशी माझं टेबल दाखवलं, ‘नीट बघा’ एवढंच म्हणाले आणि थेट पुढच्या आठवड्यात आले. काय करायचं ते कोणीच सांगत नाही. मी आपली आपण सुरुवात केली. सरस गॅसवर पूर्ण विरघळेपर्यंत तापवला, रंग लावला, तर वाळल्यावर सगळा भुकटी होऊन गळून पडला. शाळेत असताना अजिंठ्याला चार वेळा गेले होते, पद्मपाणीची रेघ बघून चित्रकार व्हायचं ठरवलं होतं. निहोंगा त्या रेघेच्या जवळचं वाटलं म्हणून इथे आले. आता वाटतं, तैलरंग विभागात बदली मागावी, नाहीतर सरळ घरी यावं. परवा कचऱ्याची पिशवीसुद्धा कोणीतरी माझ्या दारात परत आणून ठेवली. त्या दिवशी खूप रडले.
– एक विद्यार्थिनी, क्योटो

प्रिय मुली,

आधी रंगाचं बोलते, कारण तो प्रश्न दोन दिवसांत सुटेल. रंग भुकटी होऊन गळतो तेव्हा बहुतेक वेळा सरस कमी पडलेला असतो, नाहीतर उकळलेला असतो. तुझा उकळला. निकावा म्हणतात तो आपल्याकडे जुने सुतार वापरायचे तोच जनावरांच्या कातड्याचा सरस, फक्त जास्त स्वच्छ केलेला. त्याला उकळी लागली की चिकटपणा देणारे त्यातले लांब धागे तुटतात आणि रंगाचा कण धरून ठेवायची ताकद जाते.

आज रात्री झोपण्याआधी सरसाच्या कांड्या फडक्यात गुंडाळून मोड (नुसत्या हाताने मोडल्या तर तुकडे उडतात), दहा ग्रॅमला साधारण शंभर मिलिलिटर थंड पाणी घाल आणि झाकून ठेव. सकाळपर्यंत त्या फुगून मऊ झालेल्या असतील. मग ते भांडं गरम पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात ठेव. साठ-सत्तर अंशांच्या वर जाऊ देऊ नकोस. काडीने हळू ढवळ, विरघळला की तलम कापडातून गाळून घे. उरलेला फ्रीजमध्ये ठेवलास तर थिजेल, पुन्हा कोमट केलास की वितळेल. आठवड्याच्या आत संपव आणि वास बदलला तर मोह न धरता टाकून दे. क्योटोचा जून-जुलै दमट असतो, तेव्हा तो फार लवकर नासतो.

पांढऱ्या चिनी मातीच्या बशीत रंगाची पूड घे, वर सरसाचे थेंब टाक आणि मधल्या बोटाने मळ. ब्रश नको. प्रत्येक कणाला सरस लागला की नाही हे बोटाला कळतं, ब्रशला कळत नाही. मग थेंब थेंब पाणी. बाटल्यांवर आकडे असतात तेही आत्ताच समजून घे. निळा दगड एकच, अझुराइट. जाड दळला की गडद निळा, बारीक दळत गेलं की फिका, आणि अगदी शेवटची पूड जवळजवळ आभाळाच्या पांढरट कडेसारखी. आकडा जितका मोठा तितका कण बारीक. जाड कणाला सरस जास्त लागतो आणि तो बशीच्या तळाशी लगेच बसतो, म्हणून ब्रश बुडवताना दर वेळी तळापासून हलवून घ्यावं लागतं. आपल्याकडे पोस्टर कलरवर हात बसलेला असतो, त्यामुळे हे दगड पहिल्यांदा अंगावर येतात. मला त्यांची सवय व्हायला पावसाळा उजाडला.

आता त्या शांततेबद्दल. माझ्या दुसऱ्या आठवड्यात मीही सरस उकळला होता. खोलीभर वास सुटला. कोणी एक शब्द बोललं नाही. शेजारच्या टेबलावरची एक सेनपाई, म्हणजे माझ्या वरच्या वर्गातली मुलगी, उठली, खिडकी उघडली आणि परत येऊन रेघ काढत बसली. मला वाटलं, ही चिडली. तिथे पोचल्यापासून ती माझ्याशी बोलली नव्हती आणि त्या न बोलण्याचा अर्थ मी रोज थोडा थोडा वाईट लावत गेले होते. रात्री मी काही न आवरता निघून गेले. सकाळी आले तर माझं टेबल पुसलेलं होतं आणि मधोमध काचेच्या बरणीत दोन कांड्या रात्रभर भिजून फुगलेल्या होत्या. बरणीखाली चिठ्ठी. मला वाचता यावी म्हणून कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं, टाळून, हिरागाना या सोप्या लिपीत, अक्षरं सुटी सुटी करून तिने एकच शब्द लिहिला होता : युक्कुरी. सावकाश.

ती चिठ्ठी माझ्याकडे अजून आहे. मी अकरा दिवस तिच्या गप्प बसण्याला नावड समजत होते आणि ती अकरा दिवस माझे हात बघत होती, हे मला त्या सकाळी कळलं. तुझ्या स्टुडिओतही तुझे हात कोणीतरी बघत असणार. तिथे कामात असलेल्या माणसाला न विचारता शिकवायला जाणं आगाऊपणाचं मानतात. तू बोलावल्याशिवाय कोणी येणार नाही, आणि तू बोलावत नाहीयेस, कारण तुला वाटतंय त्यांनी यायला हवं.

बोलावायचं कसं, तर वस्तू हातात घेऊन. रोज एक प्रश्न, त्याहून जास्त नको. बशी घेऊन जा आणि विचार, ‘कोरे दे ईइ देसु का’, हे असं बरोबर आहे का. लांबलचक वाक्याची गरज नाही. दुसरं म्हणजे आवराआवरीला थांब. संध्याकाळी सगळे मिळून जमीन पुसतात, बशा धुतात, तेव्हा माणसं एकमेकांशी सर्वांत जास्त बोलतात. आत येताना नमस्कार म्हण, निघताना ‘ओत्सुकारेसामा देसु’ म्हण. तुम्ही दमलात, हे मला ठाऊक आहे, असा काहीसा त्याचा भाव. आमच्या स्टुडिओत दुपारी तीनला येणारासुद्धा ‘ओहायो गोझाइमासु’ म्हणजे शुभ सकाळच म्हणायचा. दिवसाची पहिली भेट म्हणून. शक्यतो रोज ठरलेल्या वेळी जा आणि तुझ्या टेबलावरच बस, रिकामी बसलीस तरी चालेल.

सरांनी ‘नीट बघा’ म्हटलं, ते मला फार मोलाचं वाटतं. ते तुला टाळत नव्हते, काम देऊन गेले. उमेदवारीला जपानी शब्द आहे मिनाराई. त्यात ‘बघणं’ आणि ‘शिकणं’ एकमेकांना जोडलेले आहेत. तुला अजून चित्र करायला कोणी सांगितलेलं नाही हे विसरू नकोस. निहोंगाचे विद्यार्थी आधी महिनोन्‌महिने निसर्गातून रेखाटनं करतात. क्योटोचं वनस्पती उद्यान १९२४चं, जपानमधल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक वनस्पती उद्यानांपैकी एक. प्राणिसंग्रहालय १९०३चं. दोन्हीकडे तुला गुडघ्यावर पाट घेऊन बसलेले चित्रकलेचे विद्यार्थी दिसतील. तूही पेन्सिल घेऊन जा आणि फुलाचं एक झाड आठवडाभर काढ. पुढच्या वेळी सर आले की त्यांच्यासमोर ती पानं मांड. बोलायला तुम्हां दोघांच्या मध्ये काहीतरी असेल. आत्ता काहीच नाहीये, म्हणून ते आठवड्याने आले आणि गेले.

आणि अजिंठा. तू ती ओळ पत्रात सहज लिहून गेलीस, मी तिथेच थांबले. येत्या रविवारी रेल्वेने नाराला जा, तिथून पुढे होर्यूजी स्टेशन. होर्यूजी या जुन्या बौद्ध विहाराच्या मुख्य मंदिराच्या, कोंदोच्या, आतल्या भिंतींवर सातव्या शतकाच्या शेवटाकडची भित्तिचित्रं होती. त्यांतल्या बोधिसत्त्वांची तुलना अभ्यासक वर्षानुवर्षं अजिंठ्याच्या पद्मपाणीशी करत आले आहेत. ती चित्रं २६ जानेवारी १९४९ला आगीत जळाली. चित्रकार त्यांच्या नकला करण्याचं काम करत होते, त्याच काळात. त्या घटनेनंतर १९५०मध्ये जपानने सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा केला, आणि आजही २६ जानेवारीला देशभरच्या देवळांत अग्निशमनाचा सराव होतो. आज कोंदोत दिसतात त्या पुढच्या चित्रकारांनी केलेल्या प्रतिकृती. आत अंधार असतो, डोळे सरावायला वेळ दे. सहाव्या भिंतीवरच्या अमिताभ बुद्धाच्या बाजूला उभ्या बोधिसत्त्वाचा हात बघ. त्या मनगटाकडे बघून तुला जळगाव-अजिंठा रस्ता आठवला नाही तर मला कळव.

आराई काम्पो नावाचे निहोंगा चित्रकार १९१६मध्ये रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून भारतात आले होते आणि त्यांनी अजिंठ्याच्या लेण्यांत बसून त्या चित्रांच्या नकला केल्या. तू आज ज्या रस्त्याने गेली आहेस त्यावरून शंभर वर्षांपूर्वी एक माणूस उलट्या दिशेने आला होता, तुझ्या घराच्या इतक्या जवळ. निहोंगात नक्कल करणं कमी दर्जाचं काम नाही. त्याला मोशा म्हणतात आणि ते अभ्यासक्रमाचा भाग असतं. सरांना सांग की तुला पद्मपाणीच्या एका हाताची मोशा करायची आहे. नुसता हात. मला वाटतं, तुझं तिथलं पहिलं काम तेच असावं.

तैलरंग विभागात बदलीचा अर्ज आत्ता लिहू नकोस. एक चित्र, वहीच्या पानाएवढं का होईना, सरस भिजवण्यापासून शेवटच्या थरापर्यंत पुरं कर. त्यानंतरही नको वाटलं तर जरूर बदल, तेव्हा तुला काय नकोय हे माहीत असेल. आज तुला एकटेपणा नकोय, तो तैलरंगाच्या खोलीतही तुझ्याबरोबर येईल.

कचऱ्याचं सांगते. क्योटोत जाळायचा कचरा महापालिकेच्या पिवळ्या पिशवीतच टाकावा लागतो. ती दुकानातून विकत घ्यायची, मोठी पंचेचाळीस लिटरची साधारण पंचेचाळीस येनला. जाळायचा कचरा आठवड्यातून दोनदा नेतात, सकाळी आठच्या आत बाहेर ठेवायचा. डबे, बाटल्या आणि प्लास्टिकची वेष्टनं पारदर्शक पिशवीत, त्यांचे वार वेगळे. तुझ्या पिशवीत बहुधा बाटली होती, नाहीतर वार चुकला. ज्याने ती परत आणून ठेवली त्याला सकाळी भेटलीस तर मान लववून ‘सुमिमासेन’ म्हण आणि कोणत्या दिवशी काय ठेवायचं ते दाखवून घे. रंगाचं पाणी मात्र घरच्या मोरीत ओतू नकोस. खरा हिंगुळाचा लाल रंग पाऱ्याचा असतो. स्टुडिओत गाळ खाली बसवून वेगळा साठवायची सोय असते, तिथेच टाक.

क्योटो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तुझे रात्रीचे साडेनऊ म्हणजे आईचे संध्याकाळचे सहा. ती वेळ ठरवून टाक. खोलीत बसून बोलण्यापेक्षा देमाचियानागीला, कामो आणि ताकानो नद्या मिळतात तिथे, काठावर बसून बोल. पाण्यात कासवाच्या आकाराचे दगड टाकलेत, त्यांवरून पोरं उड्या मारत पलीकडे जातात. पहिल्या महिन्यात मीही तिथेच बसून रडायचे. रडू आलं तर येऊ दे.

पत्र दुसरं

मी पुण्यात चित्रकला शिकतो. दोन वर्षांनी जपानला जायचा विचार आहे. जपानी किती यायला हवं? इंग्रजीवर भागत नाही का?
– एक विद्यार्थी, पुणे

प्रवेशाची अट प्रत्येक विद्यापीठाची वेगळी, ती त्यांच्याकडूनच घे. सरकारी शिष्यवृत्तीवर जाणाऱ्या, भाषा न येणाऱ्या विद्यार्थ्यांना सहसा आधी सहा महिने भाषा शिकवतात. पण स्टुडिओ इंग्रजीवर चालत नाही. तिथे तुझ्या कानावर दिवसभर पडणारे शब्द साधे असतात : वाळलं का, अजून नाही, जरा दे, आवरूया. ते कळले नाहीत तर माणूस खोलीत असून बाहेर राहतो.

तुला मराठी येतं हा मोठा आधार आहे. जपानीत क्रियापद शेवटी येतं आणि शब्दाला मागून प्रत्यय लागतात, आपल्या ‘ने, ला, त’सारखे. शब्दाला शब्द ठेवत गेलास तरी वाक्य बरंचसं जुळतं. वाक्याच्या शेवटचं ‘ने’ तर आपल्या ‘ना’सारखंच. छान आहे ना? ईइ देसु ने. आपण तू, तुम्ही, आपण असं माणसागणिक बोलणं बदलतो, तेही तिथे आहे, आणखी बारकाईने. इंग्रजीतून विचार करून जपानी शिकणारे माझे वर्गमित्र जिथे अडायचे तिथे मी मराठीमुळे पुढे जायचे.

निघण्याआधी हिरागाना आणि काताकाना, प्रत्येकी शेहेचाळीस मूळ अक्षरं, हाताने लिहिता आली पाहिजेत. भाषेची परीक्षा वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरमध्ये असते आणि पुण्यातही तिचं केंद्र असतं. पाच पायऱ्यांतली पहिली, एन-५, या वर्षी दे. पुढच्या वर्षी जमेल तेवढं वर जा.

पत्र तिसरं

माझा मुलगा सप्टेंबरअखेर मुद्राचित्रण, म्हणजे ठसे कोरून चित्रं छापणं, शिकायला टोकियोला जातोय. आम्ही शाकाहारी. त्याच्याबरोबर काय काय द्यावं? कुकर, मिक्सर, डाळी? पैसे किती? आजारी पडला तर काय? मला रात्र-रात्र झोप नाही.
– एक आई, नाशिक

ताई, तुमची यादी वाचली. आधी काय देऊ नका ते सांगते. मिक्सर नको. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची आहे, आपल्या २३० व्होल्टच्या मिक्सरला ती पुरत नाही. कुकर द्या, पण साध्या बुडाचा ॲल्युमिनियमचा नको. विद्यार्थ्यांच्या बऱ्याच खोल्यांत गॅसऐवजी इंडक्शन असतं, त्यावर इंडक्शनच्या बुडाचाच चालतो. छोटा, तीन लिटरचा पुरे. ताजा कढीपत्ता, मिरच्या, फळं, झाडापाल्याचं काहीही देऊ नका, वनस्पती तपासणीत अडकतं. डाळीचंही तिथेच बघावं. टोकियोत शिन-ओकुबो आणि निशी-कासाई भागांत भारतीय किराणा मिळतो, तूरडाळ, हिंग, लांब दाण्याचा तांदूळ, सगळं. घरचा गोडा मसाला मात्र भाजून कुटून, बंद पाकिटात जरूर द्या. मी पहिल्या थंडीत आमटीत तो टाकला तेव्हा खोलीचा वास बदलला आणि मला शांत झोप लागली.

शाकाहाराचं त्याने आधी समजून घ्यावं. ‘मांस नको’ म्हटलं की तिथे मासा येतो, आणि मासा दिसला नाही तरी दाशी असते. दाशी म्हणजे समुद्रशेवाळ आणि सुकवलेल्या बोनितो माशाच्या किसाचा काढा. मिसो सूपमध्ये, नूडल्सच्या पाण्यात, भाज्या शिजवताना, बहुतेक ठिकाणी ती असतेच. त्याने ‘मांस, मासे, माशाची दाशी खात नाही’ हे वाक्य जपानीत कागदावर लिहून खिशात ठेवावं आणि पाठही करावं. भात, तोफू, ओनिगिरी, म्हणजे आंबट उमेबोशी (खारवलेलं फळ) घातलेला भाताचा गोळा, फळं, दूध, दही, यांवर पहिले दिवस निघतात. पुढे हाताने रांधावंच लागेल. फोडणी, भाताचा कुकर आणि एक उसळ त्याला आत्तापासून करायला लावा. यासाठी तुमच्या हातात अजून वेळ आहे.

औषधांकडे नीट बघा. आपल्याकडच्या सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. ते ठरावीक प्रमाणावर गेलं तर गोळी जपानमध्ये नेता येत नाही. नेहमीची औषधं महिन्याभरापुरती चिठ्ठीसकट द्या. त्याहून जास्त न्यायची तर आधी परवानगी काढावी लागते.

तिथे उतरल्यावर नारिता किंवा हानेदा विमानतळावरच त्याला झाइर्यू कार्ड, म्हणजे निवासाचं ओळखपत्र, मिळेल. ते सतत जवळ बाळगायचं. आमच्या वेळी नोंदणी पालिकेच्या कचेरीत व्हायची, ही नवी पद्धत जुलै २०१२पासून आली. खोलीत राहायला गेल्यापासून चौदा दिवसांच्या आत वॉर्डाच्या कचेरीत जाऊन पत्ता नोंदवायचा. तिथेच राष्ट्रीय आरोग्य विम्यात नाव घालायचं, मग डॉक्टरकडे खर्चाच्या तीस टक्केच भरावे लागतात. विमा सर्वांनाच बंधनकारक आहे, तेव्हा आजारपणाची चिंता एवढ्यावर सोडा. वीस वर्षं पूर्ण असतील तर निवृत्तिवेतनाच्या हप्त्याचा कागदही येईल; विद्यार्थ्यांना तो पुढे ढकलायचा अर्ज करता येतो, तो त्याच दिवशी करावा. काम करायचं असेल तर वेगळी परवानगी लागते आणि आठवड्याला अठ्ठावीस तासांची मर्यादा आहे.

सरकारी शिष्यवृत्तीवर जात असेल तर पहिला हप्ता लगेच हातात पडत नाही. सुरुवातीच्या खर्चासाठी साधारण दोन हजार डॉलर जवळ ठेवा असं शिष्यवृत्तीच्या सूचनांतच सांगतात. स्वखर्चाने जात असेल आणि भाड्याची खोली घेणार असेल तर त्याहून जास्त लागतील, कारण तिथे अनामतीबरोबर रेइकिन नावाचे घरमालकाला द्यायचे पैसे अनेक ठिकाणी असतात, आणि ते परत मिळत नाहीत. पहिलं वर्ष वसतिगृह मिळत असेल तर तेच घ्यावं.

मुद्राचित्रणाची अवजारं इथून देऊ नका. कोरायच्या सुऱ्या, बारेन (कागद मागून घासायची चकती), ब्रश, सगळं तिथे चांगलं मिळतं. शिन्जुकूच्या सेकाइदो या चित्रसाहित्याच्या दुकानात तो तासभर नुसता फिरेल. एक मात्र बजावून सांगा. सहा सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याची सुरी कारणाशिवाय जवळ बाळगणं तिथे गुन्हा आहे. अवजारं गुंडाळीत बांधून पिशवीच्या तळाशी ठेवायची, स्टुडिओ आणि घर एवढाच त्यांचा प्रवास.

झोपेचं म्हणाल, तर माझी आई पहिले दोन महिने माझ्या फोनची वाट बघत ओट्याशी उभी राहायची. त्याला रोज नको, पण ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी फोन करायला सांगा. तुम्हां दोघांनाही तो वार धरून राहायला बरं पडतं.

पत्र चौथं

माझ्या गळ्यात माळ आहे. आजोबांपासून घरात वारी आहे. मला निहोंगा फार आवडतं, पण त्यातला सरस जनावराचा असतो हे आत्ता कळलं. हात लावावा की नाही, या विचाराने अर्ज तसाच पडून आहे. घरी विचारायची हिंमत नाही.
– एक विद्यार्थी, सोलापूर

प्रिय मित्रा, तुझा प्रश्न लहान नाही आणि तो विचारल्याबद्दल मला तुझा आदर वाटतो. खरं ते सांगते. निहोंगाचा पाया सरसावर आहे. कागदावर रंग फुटू नये म्हणून जो थर देतात, दोसा, तोही सरस आणि तुरटीचा. पांढरा रंग गोफुन, तो शिंपल्यांचा. ब्रशचे केस घोड्याचे, हरणाचे, बकरीचे. एवढं सगळं बाजूला ठेवून परंपरागत पद्धतीने शिकता येईल असं मी तुला सांगणार नाही.

काही चित्रकार हीच दगडी पूड ॲक्रिलिकच्या माध्यमातही वापरतात. बाभळीच्या डिंकात मी स्वतः करून पाहिलं आहे. बारीक रंग बसतो, जाड कणांचा थर मला त्यात टिकवता आला नाही. आपल्याकडचे लघुचित्रकार मुख्यतः डिंकात रंगवत आले, तेव्हा तो रस्ता हलका नाही, पण वेगळा आहे.

तू मोकुहांगा पाहिलं आहेस का? लाकडी ठशांची जपानी छपाई. तिच्यात रंगाबरोबर ठशावर तांदळाची खळ घालतात, ओला कागद ठेवतात आणि बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या बारेनने मागून घासतात. खळ आपल्या घरातली वस्तू आहे. कागदाला तिथेही अनेकदा सरसाचा दोसा असतो, पण दोसा न दिलेल्या, कोझो या झाडाच्या सालीच्या कागदावर छापणारेही आहेत. रंग थोडा पसरतो आणि कडा मऊ येतात. मला त्या आवडतात. ब्रशचा प्रश्न इथेही उरतो, तो तुला स्वतःशी सोडवावा लागेल.

घरी विचार. आजोबांना आधी विचार, वडिलांना नंतर. मृदंगाला कातडं असतं आणि तो कीर्तनात वाजतो, हे आजोबांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यांचं उत्तर मला इथून देता येणार नाही. ते ‘हो’ म्हणाले तर निहोंगाचा अर्ज कर. ‘नको’ म्हणाले किंवा तुझंच मन तयार झालं नाही, तर मोकुहांगा शिकवणाऱ्या प्राध्यापकांना अर्जाआधी पत्र लिही, आणि माळ, आहार, सरस या तिन्ही गोष्टी पहिल्याच पत्रात स्पष्ट सांग. तिथे पोचल्यावर सांगितलं तर त्यांना अडचण होते, आधी सांगितलं तर ते सोय शोधतात. मराठीत मसुदा लिहून माझ्याकडे पाठव. जपानी मी करून देईन.